बारदाना

मागच्या मंगळवारी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोयाबीनच्या तीन थप्प्यांच्या साक्षीनं, माझी नोंद बारदाना म्हणून झाली. तशी वजनाची पट्टी माझ्याकडे आहे. फाडून टाकणार होतो, पण म्हटलं राहू दे, पुरावा हाताशी असलेला बरा.

निमित्त आमचा टायगर. जात लॅब्राडोर, वय पाच, रंग तुपात परतलेल्या रव्याचा. नाव ठेवलं तेव्हा तो माझ्या बुटात मावायचा. आता त्याला सोफ्यावर बसायचं असलं की पुढचे दोन पाय वर ठेवतो आणि मान वळवून माझ्याकडे बघतो. मागचा अर्धा भाग मी चढवायचा. लस टोचायला नेला तर डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवून विचारलं, "याच्या बरगड्या कुठंयत?"

मी म्हटलं, "आत असतील."

डॉक्टर परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकून आलेला तरणा पोरगा, पण शिकवण्याची हौस माझ्याहून दांडगी, आणि मी तर हायस्कूलला गणित शिकवतो. त्यानं मला हात पालथा धरायला लावला. बोटांच्या मुळाशी वरून चाचपलं की हाडं जशी हलक्या हाताला लागतात, तशा कुत्र्याच्या बरगड्या लागायला हव्यात. मूठ वळल्यावर गाठी वर येतात तशा लागल्या तर कुत्रं खंगलंय. हात उताणा करून तळव्याकडून चाचपल्यासारखं वाटलं, तर खाणं जास्त होतंय. टायगर तळव्याच्याही पुढे, गादीत गेला होता. वरून पाहिलं तर कंबर दिसावी, बाजूनं पाहिलं तर पोट छातीपासून मागे वर चढत जावं, असंही कळलं. आमचा गडी वरून गॅसच्या टाकीसारखा आणि बाजूनंही गॅसच्या टाकीसारखा. यासाठी नऊ गुणांची एक मोजणी असते. चार-पाच म्हणजे उत्तम. टायगरला आठ दिले. आमच्या खानदानात नऊपैकी आठ घेणारा हा पहिलाच, आणि तो नापास.

किती उतरवायचं ते कळायला वजन पाहिजे, आणि दवाखान्यातला काटा बिघडलेला. दुरुस्तीला माणूस येणार आहे म्हणे. हा माणूस सगळ्या मराठवाड्याला मिळून एकच असावा. आमच्या शाळेतल्या बोअरची मोटर, बँकेतलं पासबुक छापायचं यंत्र, सगळीकडे तोच येणार आहे.

घरच्या काट्यावर टायगरला कडेवर घेऊन चढलो. त्याच्या अंगाआडून आकडा दिसेना. मुलीनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, नुसतं ई आलंय."

म्हणून मोंढा. माझ्या मावसभावाची तिथं आडत आहे. मी गेलो तेव्हा भाऊ सौद्याला गेलेला आणि गादीवर मुनीमजी. त्यांची या दुकानात चाळीस वर्षं झालीत. चष्मा कपाळावर, पेन कानावर, आणि हातात ती परखी, पोत्यात खुपसून नमुना काढायची. त्यांनी टायगरकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं परखी हातात असलेल्या माणसानं कुणाकडे पाहू नये.

"गाभण हाय का सर?"

"नाही हो. नर आहे."

"नर?" त्यांनी वाकून खातरजमा केली आणि जास्तच गोंधळले. गेल्या वर्षी त्याची नसबंदी झाली, तेव्हापासून भूक तीच पण लागणारं खाणं कमी, हे मोंढ्यात पंधरा हमालांपुढं सांगायची माझी छाती झाली नाही. "होता," एवढंच म्हणालो.

टायगरला काट्यावर उभा केला. तो बसला. बसून खाजवायला लागला. आकडे एकोणचाळीस, त्रेचाळीस, सदतीस असे नाचायला लागले.

"माल हालायलाय," मुनीमजी म्हणाले. "आसं वजन धरता येत नाही. तुमी त्याला उचला, दोघांचं मिळून भरू. मंग बारदाना वजा करू."

"बारदाना म्हणजे..."

"तुमी की ओ."

मी उचलला. कसा उचलला ते माझ्या कमरेला विचारा. तोवर हमालांनी पोती टाकून कडं केलं होतं. एकजण म्हणाला शंभर भरंल, दुसरा म्हणाला सव्वाशे, आणि दोघांत चहाची पैज लागली. मुनीमजींनी चष्मा खाली घेतला आणि मोंढ्यात वजन पुकारतात तसं खणखणीत पुकारलं, "एकशे तीस!"

पलीकडच्या दुकानातूनही दोन माणसं आली.

मग टायगरला खाली ठेवून मी एकटा उभा राहिलो. असा एकटेपणा दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता. "अठ्ठ्याऐंशी, सातशे!" मुनीमजींनी माझ्याकडे पाहिलं, टायगरकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. "सर, चाळीस वर्सं झाली मला हितं. पोत्याचा बारदाना आसून आसून किलोभर. मालापेक्षा बारदाना जड, आसं कवाच पाह्यलं नाही."

हमाल हसले. टायगरनं शेपूट हलवली. त्याला वाटलं कौतुक चाललंय.

"निव्वळ एक्केचाळीस तीनशे," त्यांनी पट्टीवर लिहिलं. वजाबाकी तोंडी. मी मनात करत होतो, माझी अजून व्हायची होती. मग पेन रोखून म्हणाले, "खातंय काय ह्ये?"

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण डॉक्टरांनी सकाळीच मला हिशेब घालून दिला होता, आणि गणिताच्या मास्तरला हिशेब पोटात ठेवता येत नाही. टायगरला उतरायचंय 33 किलोपर्यंत. 33 ला तीसनं गुणायचं, सत्तर मिळवायचे, आले 1060. एवढ्याच कॅलरी, अख्ख्या दिवसात. त्यातही वरखाण दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे शंभरेक. एका ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी धरल्या तर चार बिस्किटांत कोटा संपला.

"आन देता किती?"

आई चार. मुलगी शाळेला जाताना पाच. बायको दोन, ती देत नाही म्हणते, पण पुडा ओट्यावरच असतो. शेजारच्या काकू भिंतीवरून दोन, दूधवाला जाता जाता तीन.

"सोळा," मुनीमजी म्हणाले. "एक पाच गिरॅमचं धरा. सोळा पंचे ऐंशी. वरसाला एकोणतीस किलो दोनशे. आर्ध्या कट्ट्याच्या वर बिस्किटंच झाली की ओ! आन तुमी सोता?"

"मी फक्त रात्री, टीव्ही बघताना."

"किती?"

"मोजलेली नाहीत."

त्यांनी पट्टीवरच्या अठ्ठ्याऐंशी सातशेवर पेन टेकवला. "दोघं मिळून खाता का?"

मी उत्तर दिलं नाही. चार दिवस झाले, अजून सुचलेलं नाही.

तर सोळा बिस्किटं म्हणजे साडेतीनशे कॅलरी, म्हणजे जेवण सुरू व्हायच्या आधीच दिवसाचा एक तृतीयांश शिधा खलास. वर दूध-पोळी, भाकरीचे तुकडे, रविवारची रश्शातली हाडं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, शेतात नेला होता तेव्हा भज्जी-आंबिलीला तोंड लावलं नाही, पण उंडे किती आणि गव्हाची खीर किती याचा हिशेब कुणालाच नाही, कारण पाहुण्यांत प्रत्येकाला वाटलं की मी एकट्यानंच दिलं. आमच्याकडे कुत्र्याला खाऊ घालणारे सगळे "एकच दिला" म्हणतात. कुणीच खोटं बोलत नाही, बेरीज मात्र कुणी करत नाही. आणि रात्री तीनला टायगरचं पोट बिघडलं, तेव्हा फरशी पुसायला या दानशूरांपैकी एकजण आला नाही. दूधवाला तर सकाळी नाकाला रुमाल लावून बिस्कीट देऊन गेला.

खरी लढाई घरात आहे. आईला डॉक्टरांकडून ऐकलेली एक गोष्ट सांगितली. 48 लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, जन्मभर. कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले. 2002 मध्ये हे छापून आलं, आणि प्रयोग करणारी होती कुत्र्याचं खाणं विकणारी कंपनी. म्हणजे दुकानदारच सांगतोय कमी घ्या, याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

आई म्हणाली, "दोन वरसं जास्त जगलं, पर उपाशीच ना? त्या दोन वरसांत काय केलं त्यानं?"

मग मी केंब्रिज काढलं. 2016 मध्ये तिथल्या संशोधकांनी शोधलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरच्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. अशा कुत्र्यापुढं ताट ठेवलं की ताट संपेल, भूक संपायची नाही. त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो.

"म्हंजी लेकराला खरंच भूक लागती," आई म्हणाली. "आन तू म्हनतोस नाटक करतंय."

केंब्रिज तिथंच हरलं.

आईवर चिडता येत नाही, हीच अडचण आहे. 1972 च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. दुष्काळी कामावर तिनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी गिळल्या. अजून मिलो म्हटलं की तिचं तोंड कडू होतं. तिच्यापुढं रिकामी वाटी चाटणारं जनावर ठेवायचं आणि म्हणायचं, देऊ नको, त्याच्या तब्येतीला चांगलं आहे. तिला तो क्रूरपणा वाटतो आणि तिच्या जागी बसून पाहिलं तर मलाही वाटतो. पण टायगर 1972 मध्ये नव्हता. तो एसीत झोपतो. आणि मे महिन्यात बेचाळीस अंशात धापा टाकतो तेव्हा त्या धापा चरबीनं दुप्पट होतात, कारण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ बाहेर काढून हापण्यावरच त्याची सगळी मदार. हे आईला सांगितलं की ती त्याला गार ताक देते. ताकाबरोबर पोळी.

आता घरात वाटीऐवजी स्वयंपाकाचा छोटा काटा आहे, दोन वेळचं मोजून. आठवड्याला वजनाच्या एक-दोन टक्के उतरायला हवं, म्हणजे चारशे ते आठशे ग्रॅम. त्याहून घाई करायची नाही. 33 ला पोचायला अडीच ते पाच महिने. तेवढ्यात गल्लीत बातमी पसरलीय. काल काकू भिंतीवरून म्हणाल्या, "सर, पगार अडकला का ओ? कुत्रं वाळलंय." चार दिवसांत! बरगडी अजून मला सापडलेली नाही, यांना कुठून दिसली?

आमच्या लातूरकडचा कारवानी कुत्रा यांनी पाहिला नसेल असं नाही. लांब पायांचा, बरगड्या उघड दिसणारा, सशामागं सुटला की धुरळाच दिसतो. तो कुणाला वाळलेला वाटत नाही, त्याला म्हणतात चपळ. लॅब्राडोर मात्र गुबगुबीतच पाहिजे. खात्यापित्या घरचा दिसला पाहिजे ना!

मोंढ्यातलं एक सांगायचं राहिलं. आम्ही निघालो तर मुनीमजी उठले, आत गेले आणि मूठभर गुळाचा खडा घेऊन आले. मी हात आडवा घातला. "आत्ताच तर तुम्ही एकोणतीस किलोचा हिशेब काढलात!"

"पहिल्यांदा आलंय दुकानात," ते म्हणाले. "तसंच कसं पाठवायचं? एकच खडा."

टायगरनं तो माझ्या हाताखालून घेतला. चावला की नाही कुणास ठाऊक.

भाच्यानं पट्टीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून साडू फोनवर "काय बारदाना" म्हणूनच सुरुवात करतो. ते एक वेळ सोसेन. पण रात्री पट्टी नीट वाचली. एकूण 130.000, बारदाना 88.700, निव्वळ 41.300. खाली तोलाई पाच रुपये आणि हमाली दहा. भावाच्या दुकानात पैसे कुणी मागितले नव्हते, मीच ऐटीत वीसची नोट ठेवून आलो होतो. तोलाई समजू शकतो. पण उचलला मी. खाली ठेवला मी. दुसऱ्यांदा उभा राहिलो तो मीच. हमाली कशाची?