‘पॅरिस इज बर्निंग’ आणि नकलेचा आरोप

नमस्कार. ‘पॅरिस इज बर्निंग’ या माहितीपटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की त्यात दिसणारी, न्यूयॉर्कच्या ‘बॉल’मध्ये म्हणजे वेशभूषा-नाचाच्या स्पर्धांत उतरणारी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो गे, ट्रान्स माणसं श्रीमंत गोऱ्यांची नक्कल करतात, त्यात गौरव करण्यासारखं काय आहे? शिवाय दिग्दर्शिका जेनी लिव्हिंगस्टन स्वतः गोरी, तिने दुसऱ्यांच्या आयुष्यावर नाव कमावलं. दुसरा आक्षेप मला बराचसा पटतो. पहिला अजिबात नाही.

१९८०च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो गे मुलाला मोठ्या कंपनीत साहेबाची खुर्ची कोण देणार होतं? हार्लेमच्या बॉलमध्ये तो सूट चढवून, ब्रीफकेस घेऊन परीक्षकांसमोरून चालतो. बॉलमधल्या जुन्याजाणत्या ड्रॅग कलाकार (बाईच्या वेशात सादरीकरण करणाऱ्या) डोरियन कोरी चित्रपटात त्याचा अर्थ सांगतात: मी साहेब दिसू शकतो, म्हणजे संधी मिळाली असती तर होऊही शकलो असतो. हा थेट जगावर केलेला दावा आहे. आणि तो फक्त मंचापुरता नव्हता. बॉलमध्ये बाईच्या वेशात चालणाऱ्यांना त्याच वेशात उजेडात बाहेर पडून, भुयारी रेल्वेने, मार न खाता घरी पोचता आलं, तर ते कसब खरं.

गोऱ्यांपुढे लोटांगण म्हणाल, तर ‘हाउस’ची, म्हणजे बॉलमध्ये एकत्र उतरणाऱ्या आणि एकमेकांचं कुटुंब बनलेल्या गटांची, सुरुवातच आठवा. १९६७च्या एका ड्रॅग सौंदर्यस्पर्धेत कृष्णवर्णीय क्रिस्टल लबेजा मंचावरून निघून गेली आणि गोऱ्या विजेतीच्या बाजूने पक्षपात झाला, असं तिने मंचामागे ठणकावून सांगितलं. पुढे तिच्याच नावाने पहिलं हाउस उभं राहिलं.

चित्रपटातल्या व्हीनस एक्स्ट्राव्हॅगान्झा या ट्रान्स तरुणीला श्रीमंत गोऱ्या मुलीसारखं लाडाकोडात जगायचं होतं, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण चित्रीकरणाचं काम चालू असतानाच, १९८८मध्ये, तिचा खून झाला. तिच्या मृतदेहावर हक्क सांगायला कोणी आलं नव्हतं. पोलिसांनी फोटो दाखवला तो अँजीला, म्हणजे तिच्या हाउसच्या ‘मदर’ला, मुलांना आईसारखं सांभाळणाऱ्या प्रमुखाला, आणि व्हीनसच्या घरच्यांना कळवण्याची वेळही तिच्यावरच आली. त्या काळात, घरातून हाकललेल्या पोरांना हाउस म्हणजे काय होतं, हे मला त्या प्रसंगातून समजतं. तिथे ‘नक्कल’ हा शेरा मारायला माझं मन धजत नाही.

आता पैशांचं. चित्रपटाने लाखो डॉलर मिळवले आणि त्यात दिसणाऱ्या १३ जणांत मिळून सुमारे ५५,००० डॉलर वाटले गेले. त्यांचा संताप रास्त होता. कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांनीही चित्रपटाच्या गोऱ्या नजरेवर त्याच सुमारास कडक टीका केली, ती जरूर वाचा. मात्र तो हिशेब चित्रपट बनवणाऱ्यांकडे आणि वितरकांकडे मागा, बॉलमध्ये चालणाऱ्यांकडे नको.

एकच विनंती: चित्रपटातल्या विली निंजा या नर्तकाचा व्होगिंगचा, म्हणजे बॉलमधल्या खास नृत्यशैलीचा, भाग पुन्हा पाहा. त्याचे हात, मनगटं, मान बघा आणि मग सांगा, तो नेमकी कुठल्या श्रीमंताची नक्कल करतोय?