‘पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्या जाणकारांस

नमस्कार.

जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) बसवण्यावरच्या माझ्या लेखाखाली काल रात्री पावणेबाराला आपली प्रतिक्रिया आली. नावाच्या जागी ‘एक जाणकार’ एवढंच आहे, तेव्हा जाणकार म्हणूनच हाक मारतो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यांचं म्हणणं असं : २०१० च्या आसपासच्या बोर्डावर साटा-२ (डिस्क जोडायची जुनी, कमी वेगाची जोडणी) असतं, त्याला एसएसडी लावणं म्हणजे पैसे पाण्यात; क्लोन (एका डिस्कची दुसरीवर हुबेहूब नक्कल) करण्याआधी बॅकअप घ्या हे मी लिहिलं नाही; जुनी डिस्क त्याच दिवशी फॉरमॅट करायला सांगितली; विंडोज १० च्या नेहमीच्या अपडेटची मुदत संपल्याचं लपवलं. आणि शेवटी, ‘लेखकाने आयुष्यात कधी कॅबिनेट उघडलं आहे का, शंकाच आहे.’

आधी चूक कबूल करतो. एसएसडी मी एके ठिकाणी साडेतीन इंची लिहिली होती, ती अडीच इंची असते. दुरुस्त केलंय, आभार. (साडेतीन इंचाच्या खणात ती बसवायला पट्टी लागते, हे मात्र लेखात आहे. आपण तिथवर पोचला नसाल.)

आता कॅबिनेट, म्हणजे पीसीचा पत्र्याचा डबा. २००३ पासून पाच वर्षं मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या दुकानात पीसी जोडायचं काम केलं. आयडीईच्या (साटाच्या आधीची जोडणी) त्या रुंद केबलच्या पट्ट्या, डिस्कच्या पाठीमागचा जंपर (पहिली डिस्क कुठली, दुसरी कुठली हे ठरवणारी चिमुकली टोपी) चिमट्याने मास्टरवरून स्लेव्हवर सरकवणं, हे हातांनी केलंय. पत्र्याने कापल्याची खूण उजव्या अंगठ्यावर अजून आहे. शनिवारी ठाण्याहून दादर, गाडी बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडवरून माल घ्यायचा आणि परत येताना हार्ड डिस्कची पिशवी रॅकवर न टाकता पोराला धरावं तशी छातीशी धरायची. तेव्हा आपण कितवीत होता, हे मी विचारत नाही.

राहिलं साटा-२. वेग निम्मा होतो, हे खरं. साटा-३ चे सेकंदाला ६ गिगाबिट, साटा-२ चे ३. म्हणजे कागदावर ६०० च्या जागी ३०० मेगाबाइट. हे लेखात नव्हतं, कारण ज्याच्यासाठी लेख लिहिला त्याला त्याने काही फरक पडत नाही.

जुनी डिस्क मंद का, ते बघा ना. चकती मिनिटाला ७,२०० फेरे मारते. एक फेरा आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी चार. त्याआधी हेड तिथवर सरकायला आणखी आठ-नऊ. असे बारा-तेरा मिलिसेकंद प्रत्येक बारीक फाइलमागे. सेकंदाला साधारण ऐंशी ठिकाणी ती पोचते, बस. आणि विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली मागते. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होतं, मग केबल साटा-२ ला लावा नाहीतर साटा-३ ला.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या कुणालाही विचारा, गाडी ताशी १८० ने पळते की ९० ने, याने घरी पोचायला किती फरक पडतो. कापूरबावडीला थांबायचं तेवढं थांबावंच लागतं. एसएसडीने हे सिग्नलच नाहीसे होतात. आपण स्पीडोमीटर बघत बसलात.

माझ्या वडिलांचा पीसी जी-४१ चिपसेटचा, कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम. त्यावर साटा-२ च आहे आणि बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) एएचसीआयचा, म्हणजे डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीचा, पर्यायसुद्धा नाही. आधी बटण दाबून ते अंघोळीला जायचे. आता पहिला चहाचा घोट घेईपर्यंत पडदा तयार असतो. त्यांना सांगू का, तुमचे पैसे पाण्यात गेले म्हणून?

बॅकअपचं म्हणाल, तर लेख डिस्क बदलण्याबद्दल होता. स्वयंपाकाच्या कृतीत कुणी ‘आधी गॅस आणा’ लिहीत नाही. २०१६ साली माझ्याकडून बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले, ते मी क्लोन करताना कुठली डिस्क कुठल्या डिस्कवर, हे उलटं निवडलं म्हणून. भरलेल्या डिस्कवर रिकामी उतरली. बॅकअपचा तिथे काय संबंध? घरात तो विषय आजही निघतो, त्यात आपण भर घालू नये.

फॉरमॅटचं प्रत्येकाने आपापलं बघावं. विंडोज १० चं म्हणाल, तर १४ ऑक्टोबर २०२५ ही काही माझी जन्मतारीख नाही लपवायला. वडील पंचांग आणि नाट्यगीतं यापलीकडे जात नाहीत.

अहो, मुद्दा मांडायला माणसाला हलकं ठरवावं लागत नाही. ‘तुम्ही हे लिहायचं विसरलात’ इतकंच लिहिलं असतंत तरी पोचलं असतं.

आपली प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही. आहे तशी ठेवली आहे, ‘मदरबोर्ड’ तीनदा ‘मदरबॉर्ड’ लिहिलाय त्यासकट.