अनारशाचं वेल्डिंग

कूलरचा स्टँड करून द्यायचे कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी 1,800 रुपये सांगितले. एवढे कशाला घालवायचे, म्हणून मी 14,000चं मिग वेल्डिंग मशीन घेतलं. हा हिशेब घरात मांडला तेव्हा सौ.नी चहाचा कप नुसता खाली ठेवला. हल्ली ती एवढंच करते.

मिगमध्ये सारखा रॉड बदलायची भानगड नाही, बटण दाबलं की तार आपसूक येते, असं ऐकलं होतं. येते ना! पण पहिल्याच दिवशी ती वितळून टिपमध्ये चिकटली आणि मागचा रोलर मी जिवाच्या करारावर आवळलेला. पुढे तोंड बंद, मागून ढकलाढकली. झाकण उघडलं तर मशीनच्या पोटात गुंतलेल्या तारेचं चिमणीचं घरटं.

ते उपसून पुन्हा सुरुवात केली. 18 गेजचा चौकोनी पाइप म्हणजे जेमतेम 1.2 मिलिमीटर पत्रा. जरा रेंगाळलो की आरपार भोक. घाबरून व्होल्टेज उतरवलं, तर टाका पत्र्यावर नुसता पाहुण्यासारखा टेकून बसायचा आणि हातोडीची टिचकी लागताच उठून जायचा. फटफट आवाज करत तार हाताला मागे ढकलायची. सेटिंग जमलं की आवाज कसा हवा, तर कढईत कांदाभजी सोडल्यावर येतो तसा, एकसारखा. तो आला तेव्हा मी नाचायचाच बाकी होतो.

मग काच वर करून पाहिलं. टाक्याला जाळी पडली होती. दिवाळीत आमच्या अनारशांना इतकी सुरेख जाळी पडली असती, तर सासूबाईंनी माझं नाव काढलं असतं.

गंज राहिला असेल म्हणून ग्राइंडरनं पाइप लख्ख केला. जाळी. टाक्याला हवा लागू न देणारा गॅस कमी पडतोय म्हणून मिनिटाला 12 लिटरचा 25 केला. जाळी आणखी दाट! (गॅस फार जोरात सोडला की तोच भोवरा करून बाहेरची हवा आत ओढतो. हे ज्ञान मला अर्धा सिलिंडर संपल्यावर झालं.) शेवटी मान खाली घालून मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मशीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"साहेब, हा पंखा कोणी लावला?"

मे महिना, पार्किंगवरचा पत्रा तापलेला, म्हणून सौ.नी मायेनं पेडस्टल फॅन माझ्याकडे तोंड करून ठेवला होता. टाक्यावर गॅसचं पांघरूण घालायला मी पैसे मोजत होतो आणि घरचाच पंखा ते उडवत होता. मिस्त्रींनी तो लांब नेला आणि धूर बाहेर जावा म्हणून त्याचं तोंड फाटकाकडे वळवलं. "आता कोपर गुडघ्यावर टेकवा, तार बोटाच्या पेराच्या निम्म्यानं बाहेर ठेवा आणि भंगारावर शंभर रेघा मारा. स्टँड नंतर."

त्र्याहत्तराव्या रेघेला माझ्या चपलेत ठिणगी शिरली. त्यानंतरचा नाच मात्र मी केला. दुसऱ्या दिवशी बूट घालून उरलेल्या सत्तावीस मारल्या.

स्टँड झाला. एक पाय किंचित आखूड आहे, खाली पुठ्ठा घातलाय. पाण्यानं भरलेला कूलर त्यावर ठेवायची सौ.ची तयारी नाही. सध्या त्यावर पेडस्टल फॅन उभा आहे, तोंड फाटकाकडे करून.