जॉबकार्डावर नोंद नसेल, तर काम झाले असे मानू नये

मागील ब्रेकच्या ब्रॅकेटमधील दोषामुळे डिसेंबर २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० या मोटारसायकलीच्या २६,३०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या (म्हणजेच रिकॉल), त्याचा दाखला देऊन रिकॉलविषयीच्या लेखात लेखकाने अधिकृत सेवाकेंद्रावर निर्धास्त विसंबावे असे सुचवले आहे. ते मला पटत नाही. माझी गाडी वेगळ्या कंपनीची आहे. पुढील ब्रेकच्या रिकॉलसाठी ती दिली असता संध्याकाळी ‘काम झाले’ असे सांगण्यात आले, परंतु जॉबकार्डावर, म्हणजे केलेल्या कामांची नोंद असलेल्या सेवाकेंद्राच्या कागदावर, केवळ धुलाई आणि इंजिन ऑइल यांचीच नोंद होती, आणि खोदून विचारल्यावर भाग अद्याप आलाच नसल्याचे कळले. त्याच आठवड्यात मी चोर्ला घाटातून बेळगावला जाणार होतो, हे आठवले की आजही अस्वस्थ वाटते. दुसऱ्या खेपेस मेकॅनिकने मात्र जुना भाग समोर ठेवून सर्व समजावले. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. चासी क्रमांक आणि बदललेल्या भागाचा क्रमांक लेखी मागावा. ब्रेकची हायड्रॉलिक लाइन उघडली असल्यास ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातीलच भरले का, हेही विचारावे, कारण ते हवेतील ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू घटतो आणि घाटाच्या उतारावर ब्रेक तापल्यावर त्यात वाफ होऊन लिव्हर मऊ पडतो. आपल्या गोव्याच्या दमट हवेत तर उघडा डबा ठेवूच नये.