स्वतःचा सर्व्हर घेतला की चर्चामंच आपला झाला?

‘चर्चामंच काढताय? डिस्कोर्स नाहीतर पीएचपीबीबी हे मंच चालवायचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर टाका. फुकटात होतं, डेटा आपल्या ताब्यात राहतो आणि कुणी बंद करू शकत नाही.’ हा सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. वाचनकट्ट्यांना, माजी विद्यार्थ्यांच्या गटांनाही तो सरसकट दिला जातो, आणि तिथेच नुकसान होतं.

फुकट? सॉफ्टवेअर फुकट आहे. सर्व्हरचं भाडंही परवडतं. जीव खातो तो ईमेल. सर्व्हर भाड्याने देणारे गूगल क्लाउडसारखे पुरवठादार पोर्ट २५ वरून, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल पाठवतात त्या वाटेने, मेल सहसा बाहेर जाऊ देत नाहीत. मग मेल पाठवणारी वेगळी सेवा घ्या, डोमेनमध्ये एसपीएफ, डीकेआयएमच्या (मेल खरंच आपल्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या) नोंदी करा. त्यातली एक चुकली की पासवर्ड बदलायची लिंक स्पॅममध्ये जाते. सदस्य दोनदा प्रयत्न करतो, मग फिरकत नाही.

डेटा ताब्यात? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत, एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअप बघायला गेले तर रोजचा बॅकअप कधीपासूनच अपयशी ठरत होता, कारण डेटाबेसची आवृत्ती ९.६ आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा. अपयश कळवणारे मेलही पोचत नव्हते. साधारण सहा तास आधी चाचणीसाठी घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. पगारी माणसं असलेल्या कंपनीची ही गत. आपल्या गटात बॅकअप परत चढवून कोण बघणार, त्याचं नाव आधी सांगा.

दुरुस्त्यांचंही तेच. सप्टेंबर २०१९ मध्ये व्हीबुलेटिन या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी जाहीर झाली तेव्हा लॉगिन न करताही सर्व्हरवर हुकूम चालवता येत होते. अशा त्रुटीवरचा पॅच (दुरुस्ती) त्याच दिवशी लावावा लागतो, रविवारची वाट बघून चालत नाही.

‘कुणी बंद करू शकत नाही’ यामागची भीती मात्र खरी आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं, याहू ग्रुप्स २०२० मध्ये. कितीतरी गप्पा कायमच्या बुडाल्या. पण सर्व्हर बघणारा एकटा माणूस नोकरीत अडकला आणि डोमेनचं नूतनीकरण राहिलं, तरी मंच बंदच पडतो. मायबोली १९९६ पासून उभी आहे ती सातत्याने निगा राखणाऱ्या माणसांमुळे.

तेव्हा असे दोघे-तिघे तुमच्याकडे असतील तर खुशाल स्वतःचा सर्व्हर घ्या. नसतील तर होस्टेड सेवा घ्या, म्हणजे सर्व्हर दुसऱ्या कंपनीने सांभाळायचा, पण डोमेन स्वतःच्या नावावर ठेवा आणि सदस्य, लेखन, जोडलेल्या फायली यांची पूर्ण प्रत उतरवून देणारीच सेवा निवडा. डिस्कोर्सच्या होस्टेड सेवेतला बॅकअप उद्या स्वतःच्या सर्व्हरवर चढवता येतो. ज्या सेवेत ही सोय नाही, तिथे स्वस्त असली तरी जाऊ नका.