सॉफ्टवेअरला स्वतःचा आवाज नसतो

घरी गाणं रेकॉर्ड करू पाहणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच. मोठ्या स्टुडिओत असतं तेच सॉफ्टवेअर घ्या, फुकटच्या किंवा स्वस्तातल्या सॉफ्टवेअरचा आवाज पातळ येतो. नेहमी ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे आवाजाची सेकंदाला ९६ हजार मापं घेत, रेकॉर्ड करा. मीटर लाल रेषेला टेकेल एवढी लेव्हल घ्या. राहिलेलं प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) सांभाळतात. परवडत नसेल तर क्रॅक (कुलूप तोडलेली बेकायदा प्रत) टाका, सगळेच टाकतात. आणि पुढे स्टुडिओत मिक्सिंगला द्यायचं असेल तर तिथलंच सॉफ्टवेअर लागतं. हे वाचून नवखी माणसं एकतर नको तिथे पैसे घालतात, नाहीतर रेकॉर्डिंगचा नादच सोडून देतात. म्हणून यातलं एकेक वाक्य तपासायलाच हवं.

आधी ‘पातळ आवाजा’चं बघू, कारण बाकीचा मेसेज त्यावरच उभा आहे. माइकमधून येणाऱ्या सिग्नलचे आकडे होतात ते ऑडिओ इंटरफेसमधल्या, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीतल्या, कन्व्हर्टरमध्ये. सॉफ्टवेअरच्या हाती येतात ते तयार आकडे. ते जसेच्या तसे डिस्कवर उतरवणं, एवढंच रेकॉर्डिंग करताना त्याचं काम. प्रो टूल्स असो, रीपर असो की ऑडॅसिटी, तोच माइक आणि तोच इंटरफेस असेल तर फाइलमध्ये आकडे तेच पडतात. ट्रॅक एकत्र करताना होते ती बेरीज आणि गुणाकार, आणि ती गणितं सगळीकडे सारखीच.

हे कुणाच्या सांगण्यावरून मानायची गरज नाही. एकाच गाण्याचे चार ट्रॅक दोन वेगळ्या सॉफ्टवेअरांत टाका, फेडर (ट्रॅकचा आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी) शून्यावर ठेवा, म्हणजे आवाज वाढवू-घटवू नका, एकही इफेक्ट लावू नका आणि मिक्स बाहेर काढा. आता त्या दोन फाइली एकाखाली एक ठेवून एकीची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे लहर वरची खाली करा, आणि दोन्ही एकदम वाजवा. सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकतं, फरक असेल तेवढाच ऐकू येतो. ऐकू येते ती शांतता. कधी थोडा आवाज उरतो, त्याचं कारण बहुतेक वेळा ‘पॅन लॉ’ असतं. मधोमध ठेवलेला मोनो ट्रॅक किती डेसिबल खाली आणायचा, हे ठरवणारं ते सेटिंग प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये मुळात वेगळं असू शकतं. ते जुळवलं की उरलेलं नाहीसं होतं. या सेटिंगमुळे एक मिक्स दोन-तीन डेसिबल मोठा वाजतो, आणि मोठा वाजणारा आवाज कानाला भरदार वाटतो. ‘पातळ’ आणि ‘भरदार’ या गप्पांचं मूळ बरंचसं इथे आहे.

सोबत येणारे इफेक्ट, वाद्यांचे आवाज आणि कामाची पद्धत यांत मात्र खरा फरक असतो, आणि निवड त्यावरूनच करावी. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे आणि पेटी, तबला, आवाज यांच्यासाठी पुरेसं आहे. पुढे लॉजिक घेता येतं, पण ते विंडोजवर चालत नाही. विंडोजचा जुना लॅपटॉप असेल तर रीपर अगदी हलकं आहे. ६० दिवस काहीही हातचं न राखता वापरून बघता येतं, नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरला मिळतो. ऑडॅसिटी एखादं भजन किंवा मुलाखत रेकॉर्ड करायला उत्तम, पण कीबोर्ड जोडून मिडीवर (आवाजाऐवजी दाबलेल्या सुरांची नोंद घेणारी पद्धत) वाद्यं वाजवायची असतील तर ते सोयीचं नाही. प्रो टूल्सची इंट्रो आवृत्ती फुकट आहे, तिच्यात आठ ऑडिओ ट्रॅक मिळतात. सिनेमाच्या साउंडमध्ये नोकरी करायची असेल, तर प्रो टूल्स जरूर शिका. तिथे ते चालतं म्हणून शिकायचं. त्याचा आवाज वरचढ आहे म्हणून नव्हे.

गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो, यालाही लोक सॉफ्टवेअरचाच दोष समजतात. हा बफरचा, म्हणजे आकडे पुढे पाठवण्याआधी थोडे साठवून ठेवण्याच्या जागेचा, प्रश्न आहे. ४८ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा (मापांचा) बफर म्हणजे एकवीस मिलिसेकंदांहून अधिक उशीर, आणि तो जाताना-येताना दोन्हीकडे लागतो. १२८ केला की तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा असिओ ड्रायव्हर (उशीर कमी ठेवून इंटरफेसशी बोलणारा प्रोग्रॅम) टाका. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरची, म्हणजे माइकचा आवाज थेट हेडफोनला देण्याची, सोय असेल तर ती वापरा, मग कॉम्प्युटरचा वळसाच पडत नाही.

९६ किलोहर्ट्झबद्दल फार बोलण्यासारखं नाही. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, आणि ४८ च्या दराने २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं पकडता येतं. ९६ घेतल्यावर फाइल दुप्पट होते आणि कॉम्प्युटरवर ताण येतो. आवाज खूप ताणायचा किंवा पट्टी बरीच खाली आणायची असेल, तिथे क्वचित उपयोग होतो. व्हिडिओसाठी ४८ ठेवा आणि विसरून जा.

लाल रेषेचा सल्ला मात्र नुकसान करणारा आहे. तो टेपच्या काळातला. टेपला स्वतःची खरखर असायची, म्हणून आवाज जितका भरून घ्याल तितकी ती दबायची, आणि थोडं जास्त झालं तरी टेपवर आवाजाची टोकं हळूच मऊ व्हायची. आजच्या २४ बिटला (प्रत्येक माप किती बारीक आकड्यात लिहायचं, ते बिट ठरवतात) सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतचा तात्त्विक आवाका १४४ डेसिबलचा. खोलीतल्या पंख्याचा आवाज त्या तळापेक्षा कितीतरी वर असतो, त्यामुळे लेव्हल भरून काहीच मिळत नाही. आणि शून्याच्या, म्हणजे मीटरच्या कमाल खुणेच्या, वर गेलं की लहरीचं टोक कापलं जातं. आपल्या गाण्यात हा धोका जास्त. गायिका मंद्रात आलाप घेत असताना गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) लावलेला असतो, सगळं छान दिसतं, आणि मग ती तार षड्जावर जाऊन एक तान सोडते. तबल्याच्या किनारीवरचा ‘ना’ तर मीटर डोळ्यांना दाखवेपर्यंत येऊन गेलेला असतो. म्हणून गेन लावताना सगळ्यात वरची, सगळ्यात जोरकस जागा गाऊन घ्या, आणि तेव्हाही मीटर उणे दहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. सॉफ्टवेअरच्या आत एखादा ट्रॅक शून्याच्या वर गेला तर फेडर खाली घेऊन तो सावरता येतो, कारण आतलं गणित फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे शून्याच्या वरचे आकडेही सामावणाऱ्या पद्धतीत, चालतं. कन्व्हर्टरमध्ये कापलेलं मात्र गेलं.

आता प्लगिन सांभाळतात, हे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? फरशी, उघड्या भिंती आणि लोखंडी कपाट असलेल्या दिवाणखान्यात घेतलेल्या आवाजात खोली मिसळलेली असते. मिसळलेलं सोडवणं फार कठीण. त्यापेक्षा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणा. अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा तेवढाच राहतो. गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड रजई टांगा. पाठीमागेच, कारण कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक गाणाऱ्याकडे बघतो आणि त्या दिशेनं परत येणारा आवाज उचलतो. पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद. ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून बघा, पुष्कळदा तिथेच ती थांबते.

नॉइज काढणाऱ्या प्लगिनचा आपल्या संगीतापुरता आणखी एक प्रश्न आहे. सतत एकसारखं वाजणारं ते सगळं नको असलेलं, असं ती साधनं धरून चालतात. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शिकवणाऱ्या गुरुजनांनी हे अनुभवलं आहे: तानपुरा लावला की काही क्षणांत तो पलीकडे ऐकू येईनासा व्हायचा. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केला की परत यायचा. तेच तुमच्या रेकॉर्डिंगवर होतं. तानपुरा आणि पेटीचा लांब सूर आधी खरवडला जातो, पंखा नंतर.

सूर दुरुस्त करणाऱ्या प्लगिनचंही तसंच. जवळ घेतलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेत जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो पेटीच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंटने खाली असतो. शंभर सेंट म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर. तानपुऱ्यात मिसळून गाणाऱ्या गळ्याचा गंधार तिथेच लागतो आणि तो तिथेच शोभतो. बारा समान सुरांवर लावलेलं प्लगिन त्याला चूक समजून वर ओढतं. दरबारीतला कोमल गंधार आंदोलन घेतो, त्याला ते एका जागी खिळवतं. मींडेच्या जागी पायऱ्या येतात. रियाज करून कमावलेली गोष्ट अशी एका बटणाने पुसली जाताना ऐकणं मला सोसत नाही. एखादा स्वर खरोखर घसरला असेल तर ती ओळ पुन्हा गा. घरच्या रेकॉर्डिंगची हीच तर श्रीमंती आहे, तासाचं भाडं चालू नसतं.

क्रॅकबद्दल. तो टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच लॅपटॉपवर आपले बँकेचे व्यवहार असतात. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब खाली गुन्हाही आहे. आणि रीतसर फुकट मिळणारी चांगली साधनं समोर असताना ही चोरी कशासाठी, याला त्या मेसेजमध्ये उत्तर नाही.

राहिला स्टुडिओला फाइल देण्याचा मुद्दा. मिक्सिंग करणाऱ्याला तुमचं सॉफ्टवेअर नको असतं, वेव्ह फाइली हव्या असतात. प्रत्येक ट्रॅक वेगळा एक्सपोर्ट करा, सगळे गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारे, मग एखादं वाद्य तीन मिनिटांनी येत असलं तरी. २४ बिट, ज्या सॅम्पल रेटवर रेकॉर्ड केलं त्यावरच, इफेक्ट काढून. फाइलींना ‘ऑडिओ ०७’ ऐवजी ‘पेटी’, ‘डग्गा’, ‘मुख्य आवाज’ अशी नावं द्या. सोबत एका कागदावर पट्टी आणि ताल लिहा, आणि तुम्हाला आवडलेला कच्चा मिक्सही जोडा.