पिकअपचे ‘साडेतीन टन’ आणि वजनकाट्यावरची पावती

मे महिना संपत आला की गोव्यात शिवोली-शापोऱ्यापासून बायण्यापर्यंत पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी पाण्याबाहेर काढण्याची घाई सुरू होते आणि त्याच सुमारास एक संदेश मोबाईलवरून फिरू लागतो. त्याचा आशय असा : ‘हीच पिकअप ऑस्ट्रेलियात साडेतीन टन ओढते, कंपनीनेच तसे छापले आहे. इंजिनात ताकद आहे, फोर बाय फोर आहे, म्हणजे चारही चाकांना जोर मिळतो. तेव्हा अडीच-तीन टनांची बोट बिनधास्त ओढा, काट्यावर पैसे घालवू नका.’ यातला साडेतीन टनांचा आकडा खोटा नाही, आणि म्हणूनच माणसे फसतात. तो ज्या अटींवर दिलेला आहे, त्या अटी संदेशात कुठेच नाहीत.

‘हीच पिकअप’ या शब्दांपासूनच सुरुवात करू. आपल्याकडे मिळणाऱ्या इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉसला १.९ लिटरचे, ३६० न्यूटन-मीटर टॉर्कचे, म्हणजे फिरवण्याच्या जोराचे, डिझेल इंजिन आहे. ऑस्ट्रेलियात ज्या डी-मॅक्सने साडेतीन टनांचे नाव कमावले तिचे इंजिन ३ लिटरचे आणि टॉर्क ४५० न्यूटन-मीटर. टोयोटा हायलक्सचे इंजिन इथे आणि तिथे २.८ लिटरचेच आहे, परंतु इथल्या मॅन्युअल गिअरच्या गाडीला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, म्हणजे एकाच नावाखाली दोन गाड्या झाल्या. शिवाय तो परदेशी आकडा त्या देशात मान्य असलेल्या टो-बारसाठी, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या दांड्यासाठी, आणि स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी आहे. म्हापशातल्या वेल्डरकडून चॅसीला जोडून घेतलेला हुक कितीही जाड दिसला, तरी त्याला तो आकडा लागू होत नाही. आपल्या गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेवढेच आपले. ते तिथे नसेल तर दुसऱ्या देशाच्या माहितीपत्रकातून उसने आणता येत नाही.

आता ‘साडेतीन टन ओढते’ या विधानाकडे वळू. प्रत्येक पिकअपला एक नव्हे, चार मर्यादा असतात : ट्रेलरचे कमाल वजन, भरलेल्या गाडीचे कमाल वजन, गाडी आणि ट्रेलर मिळून होणारे कमाल वजन, आणि प्रत्येक आसावर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर, पडणारे कमाल वजन. जाहिरातीत यांपैकी पहिलीच येते, कारण तीच सर्वांत भारदस्त दिसते. हिशेबासाठी असे समजा की रिकामी गाडी २,१०० किलोची आहे, भरलेली ३,००० पर्यंत चालते आणि दोन्ही मिळून ५,८५० किलोंची परवानगी आहे. ट्रेलर ३,५०० चा घेतला तर गाडीच्या वाट्याला २,३५० उरतात. त्यातून तिचे स्वतःचे २,१०० वजा केले की हातात अडीचशे किलो. टो-बारचे चाळीस आणि सत्तर-सत्तर किलोंची तीन माणसे धरली की हिशेब संपला. मागच्या हौद्यात बर्फाची पेटी, नांगर, दोरखंड, डिझेलचा कॅन यांतले काहीही ठेवायला जागा नाही, जरी हौदा डोळ्यांसमोर रिकामा दिसत असला तरी. याउलट गाडी पूर्ण ३,००० पर्यंत भरली, तर ट्रेलर २,८५० च्या पुढे जाऊ शकत नाही. दोन्ही कमाल आकडे एकाच वेळी सहसा मिळत नाहीत, हे संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे.

बॉलवर, म्हणजे टो-बारच्या टोकाच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर टेकतो त्यावर, पडणाऱ्या वजनाचा मुद्दा तर संदेशात नावालाही नाही. बैलगाडी हाकणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना तो पुस्तकाशिवाय कळत होता : माल पुढे जास्त झाला की गाडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो, मागे जास्त झाला की उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. ट्रेलरचेही तसेच. बॉलवर भार फारच कमी असेल तर ट्रेलर वेगात शेपटासारखा डोलू लागतो, म्हणून अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर ठेवायला सांगतात. परंतु हा भार गाडीच्या सामानात मोजावा लागतो आणि तो पडतो मागच्या आसाच्याही मागे. दोन आसांत ३.१ मीटर अंतर आणि बॉल मागच्या आसापासून सव्वा मीटर मागे असेल, तर बॉलवरचे २५० किलो मागच्या आसावर ३५० होऊन बसतात आणि पुढच्या आसावरून १०० उचलून घेतात. स्टिअरिंग हलके झाल्याचे चालकाला बरे वाटते, पण ते पुढच्या चाकांची पकड कमी झाल्याचे लक्षण असते.

‘अडीच टनांची बोट’ हे वजन तरी कोणी केलेले असते? बोट विकणारा बहुधा नुसत्या सांगाड्याचे वजन सांगतो. इंजिन, बॅटरी, टाकीतले पेट्रोल आणि खुद्द ट्रेलर त्यात नसतो. आणि आपल्याकडे पाऊस असतो. पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद बोटीत सरासरी दहा सेंटिमीटर पाणी साचले, तर ते एक घनमीटर, म्हणजे बरोबर एक टन होते. ताडपत्री फाटलेली आणि तळाचे बूच काढायचे राहून गेलेले, अशी बोट मी स्वतः जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रेलरवर पाहिली आहे; बूच काढल्यावर लाल मातीत घोटाभर ओहोळ किती तरी वेळ वाहत राहिला आणि चपटे झालेले टायर हळूहळू गोल होत गेले. मालक तोवर गाडीच्या क्लचला शिव्या घालत होता.

‘इंजिनात ताकद आहे’ हा युक्तिवाद चढापुरता आहे. घाटात उतारही असतो. बेळगावला दुरुस्तीसाठी नेलेली बोट परत आणताना चोर्ला घाट उतरावा लागतो. गाडी आणि ट्रेलर मिळून साडेपाच टन असतील आणि पाचशे मीटर उंची उतरायची असेल, तर जी ऊर्जा जिरवावी लागते ती सुमारे ९० लिटर पाणी उकळायला पुरेल. त्यातला काही वाटा इंजिन, टायर आणि हवा घेतात. उरलेला ब्रेकनाच घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलोंच्या पुढे परवानगी नाही, मग त्याला ओढणारी गाडी कितीही दांडगी असो. साडेतीन टनांचा आकडा उचलून आणणाऱ्यांनी हा आकडा मात्र तिथेच ठेवला. आपल्याकडे बोटींचे बहुतेक ट्रेलर मी बिनब्रेकचेच पाहिले आहेत, आणि ज्यांना ब्रेक होते त्यांचे खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे बुडवून गंजलेले.

फोर बाय फोरबद्दल संदेश अर्धा बरोबर आहे, हे मान्य केले पाहिजे. शेवाळलेल्या रॅम्पवर प्रश्न ताकदीचा नसतोच. आठात एक असा चढ, २,३५० किलोंची गाडी आणि अडीच टनांचा ट्रेलर असेल, तर नुसत्या चढासाठी सुमारे ६०० किलोंचा जोर लागतो. मागच्या चाकांवर १,४०० किलो आणि शेवाळावरची पकड ३० टक्के धरली, तर ती ४२० च देऊ शकतात. चाके जागच्या जागी फिरतात, रबराचा वास येतो आणि इंजिन कितीही गुरगुरले तरी उपयोग होत नाही. चारही चाके लागली की बॉलवरचे २५० किलो धरून तोच हिशेब ७८० वर जातो आणि बोट वर येते. परंतु याने चढण्याचा प्रश्न सुटतो, मर्यादा वाढत नाही. ब्रेक, आस आणि टो-बार होते तेवढेच राहतात.

‘कंपनीनेच छापले आहे’ यावर थोडा इतिहास सांगतो. अमेरिकेतही दीर्घकाळ प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा काढत असे. २००८ मध्ये तिथे जे२८०७ हे समान मानक आले : ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरांचा चढ, एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी ६४ किलोमीटरांखाली जाऊ द्यायचा नाही. टोयोटाने २०११ च्या टुंड्राला ते लावले तेव्हा त्या गाडीचा जाहिरातीतला आकडा खाली आला. गाडी तीच होती. आणि या चाचणीतही गाडीत चालक आणि एक प्रवासी धरतात, प्रत्येकी ६८ किलोंचा. चार जण आणि हौदाभर सामान हा आपला नेहमीचा प्रवास त्यात नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगता येईल. ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे.

राहता राहिले काट्यावर वाया जाणारे पैसे. खडी आणि चिऱ्यांचे ट्रक जिथे तोलतात तोच वजनकाटा इथेही चालतो. आधी एकटी गाडी माणसांसह आणि सामानासह चढवावी. मग ट्रेलर जोडून, पण ट्रेलरची चाके काट्याबाहेर ठेवून तोलावी. दोन पावत्यांतला फरक म्हणजे बॉलवरचा भार. शेवटी दोन्ही काट्यावर घ्यावीत आणि त्या आकड्यातून पहिली पावती वजा करावी. जे उरेल ते बोटीचे आणि ट्रेलरचे खरे वजन. त्याआधी बूच काढलेले असावे.